साक्षीदाराची नोंदवही : तेरुयो नोगामी यांचे कुरोसावा-स्मरण

दिग्दर्शकाच्या साहाय्यकाने लिहिलेल्या आठवणींकडे समीक्षा बहुधा साधनसामग्री म्हणून पाहते. चरित्रकाराला हवे ते तपशील उचलावयाचे आणि पुस्तक बाजूला ठेवावयाचे, असा रिवाज आहे. तेरुयो नोगामी यांचे ‘तेन्कि-माची’ (२००१, इंग्रजी अनुवाद २००६) मात्र स्वतंत्र संहिता म्हणून वाचले जावे अशा योग्यतेचे आहे. अकिरा कुरोसावांबरोबर त्या प्रथम ‘राशोमोन’ला (१९५०) होत्या आणि पुढे ‘इकिरु’पासून (१९५२) ‘मादादायो’पर्यंत (१९९३) त्यांच्या प्रत्येक चित्रपटाला होत्या.

कुरोसावांनी आपले आत्मचरित्र ‘राशोमोन’पाशी थांबविले. माणूस स्वतःविषयी प्रामाणिकपणे बोलू शकत नाही, हे त्या चित्रपटाचेच आशयसूत्र. त्याचा आधार घेऊन, यापुढचा मी माझ्या चित्रपटांतील पात्रांत शोधावा, असे त्यांनी सुचविले. नेमके तेथूनच नोगामींचे कुरोसावांविषयीचे स्मरण सुरू होते. हा योगायोग असेलही. पण कर्त्याने जेथे मौन पत्करले ती जागा साक्षीदाराने व्यापली, हे वाचकाला विसरता येत नाही.

ही साक्ष कोणत्या जातीची आहे? नोगामींचे काम कंटिन्युइटीचे. शॉट किती लांबीचा झाला, संवादात कोणता शब्द बदलला, नटाने वस्तू कोणत्या हातात धरली होती, हे टिपून ठेवावयाचे. अशी नोंद ‘काय घडले’ एवढेच सांगते. ‘का’ हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. नोगामींच्या गद्याने हा संयम व्यवसायातूनच उचलला आहे. (‘लीळाचरित्रा’च्या वाचकाला ही वृत्ती अपरिचित नाही, मात्र म्हाइंभटांनी आठवणी बहुतांशी इतरांकडून मिळविल्या, नोगामी स्वतः जागेवर होत्या.)

पुस्तकाचे शीर्षकही या दृष्टीने बोलके आहे. हवा तसा प्रकाश, हवे तसे ढग येईपर्यंत साऱ्या युनिटने थांबून राहणे, याला जपानी चित्रपटव्यवसायात ‘तेन्कि-माची’ म्हणतात. पूर्ण झालेल्या चित्रपटात हा काळ कोठेच उमटत नाही. ‘राशोमोन’च्या अरण्यातील प्रकाशाची आपण प्रतीक म्हणून चर्चा करतो, तो काझुओ मियागावांनी आरशांनी परावर्तित केलेला होता, आणि वेशीवरचा पाऊस पडद्यावर दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. असे तपशील ऑत्यर-सिद्धान्ताच्या पायाला धक्का देतात. मौज ही, की तो धक्का देण्याचा नोगामींचा हेतू मुळीच नाही. त्यांना कुरोसावा थोर वाटतात, आणि तसे त्या लिहितातही. निवेदकाची श्रद्धा आणि निवेदनाची साक्ष यांच्यात पडलेली ही फट हेच या पुस्तकाचे खरे वाङ्मयीन बळ होय.

जेथे ही फट बुजते तेथे पुस्तक सैल होते. ‘रान’च्या (१९८५) ध्वनिमिश्रणाच्या वेळी कुरोसावा आणि संगीतकार तोरू ताकेमित्सु यांच्यात झालेला बेबनाव हा प्रसंग उदाहरणादाखल घेता येईल. चित्रपटातील संगीतावर अखेरची सत्ता कोणाची, हा तेथील मूलभूत प्रश्न. पण दोघांविषयीच्या जिव्हाळ्यामुळे तो स्वभावभेदाच्या पातळीवर उतरतो. प्राण्यांच्या चित्रीकरणाच्या हकिकती रंजक आहेत, इतकेच.

याउलट मान्साकु इतामींविषयीचा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. शाळकरी वयात या दिग्दर्शकाला लिहिलेल्या पत्रातून नोगामींचा चित्रपटाशी संबंध जडला. १९४६ मध्ये इतामी वारल्यावर त्यांच्या मुलाची, म्हणजे पुढे दिग्दर्शक झालेल्या जूझो इतामींची, देखभाल त्यांनी क्योतोत केली. ‘राशोमोन’च्या पटकथेचा पहिला मसुदा लिहिणारे शिनोबू हाशिमोतोही इतामींचेच शिष्य. या प्रकरणात ‘मी’ ठसठशीत आहे. कुरोसावांच्या सान्निध्यात तो विरळ होत जातो. या विरळ होण्याला केवळ विनय म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. योजी यामादांचा ‘काबेई’ (२००८) नोगामींच्याच बालपणीच्या आठवणींवर आधारलेला आहे. विचारांपायी तुरुंगात गेलेला बाप आणि त्याच्यामागे घर सांभाळणारी आई हा त्याचा विषय. आपल्याविषयी लिहिण्याची शक्ती नोगामींपाशी होती. सेटवरच्या नोंदवहीत तिला जागा नव्हती.