थांबवून विचारता येणारे इंग्रजी

मध्यंतरी एका सेमी-इंग्रजी शाळेत आठवीच्या वर्गाला बाष्पीभवनाचे काही प्रयोग दाखवायला आम्ही गेलो होतो. शिक्षकांच्या आग्रहाखातर इंग्रजीत बोललो. मुले शहाण्यासारखी ऐकत होती, माना डोलावत होती. शेवटी दोन ओले रुमाल घेतले, एक घडी घातलेला आणि एक पसरलेला, आणि विचारले, ‘विच वन विल ड्राय फर्स्ट?’ वर्ग गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. तोच प्रश्न फळ्यावर इंग्रजीतच लिहिला आणि दहाबारा हात वर आले!

म्हणजे शब्द मुलांना ठाऊक होते, प्रश्नही अवघड नव्हता. पण बोलताना आमच्या तोंडून जे बाहेर पडले ते ‘विचवनल्ड्रायफर्स्ट’ असे काहीतरी होते. लिहिलेल्या ओळीत शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोललेल्या ओळीत ती नसते. आणि आधीची पंधरा मिनिटे डोलणाऱ्या माना? त्या बहुधा आमच्याविषयीच्या आदरापोटी डोलत होत्या.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि सेमी-इंग्रजीत विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकायचे असते. ज्याला शिक्षकांचे बोलणे कळत नाही, त्याचा तिथे इंग्रजीबरोबर विज्ञानाचाही तास बुडतो. तरीही ‘ऐकणे’ या नावाखाली वर्गात बहुधा एकच गोष्ट चालते. शिक्षक उतारा दोनदा वाचतात किंवा ध्वनिफीत लावतात, मग पाच प्रश्न, मग बरोबर की चूक. ही परीक्षा झाली, शिकवणे कुठे झाले? तापमापक दिवसातून चारदा लावला म्हणून ताप उतरत नाही. जॉन फील्ड यांनी २००८ साली एक अख्खे पुस्तक लिहून याच पद्धतीवर टीका केली. उत्तर चुकले हे शिक्षकाला कळते, पण ते कोणत्या आवाजापाशी, कोणत्या शब्दापाशी चुकले हे कळत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे.

या संदर्भात एका जुन्या पुस्तकाकडे पुन्हा वळावेसे वाटते. एन. एस. प्रभू यांचे ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ १९८७ साली प्रसिद्ध झाले. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत त्यांनी जो प्रयोग केला, त्याची हकीकत आणि मीमांसा त्यात आहे. हा प्रयोग परदेशातल्या पंधरा मुलांच्या वर्गात झालेला नाही, आपल्यासारख्याच शाळांत झालेला आहे. आमच्या मते पुस्तकाची पहिली किंमत हीच.

प्रभूंची रीत साधी होती. व्याकरणाचा पाठ नाही, पाठांतर नाही. वेळापत्रक किंवा नकाशा घ्यायचा आणि त्यावर एक कोडे सोडवायचे: अमुक वेळेला तिथे पोचायचे तर कोणती गाडी पकडावी? आधी शिक्षक संपूर्ण वर्गाशी इंग्रजीत बोलत बोलत एक कोडे सोडवीत. मूल अडले की तेच वेगळ्या शब्दांत सांगत, प्रश्नाचे तुकडे करीत. मग तसेच दुसरे कोडे प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. उत्तर एका शब्दात किंवा नुसत्या आकड्यात दिले तरी चाले, मातृभाषा तोंडून निघाली तरी कोणी रागावत नसे. निम्म्या वर्गाला निम्मे तरी जमावे, इतपतच काम अवघड ठेवायचे.

हे पुस्तक ‘ऐकण्या’विषयी आहे असे कोणी म्हणत नाही. आम्हाला मात्र ते मुख्यतः ऐकण्याविषयीच वाटते. इथे मूल ऐकते ते काहीतरी ठरवायचे असते म्हणून. ते चुकले की उत्तरातून लगेच दिसते आणि शिक्षक त्या क्षणी मागे येतात. ध्वनिफीत मागे येते, पण तिला वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही!

प्रयोगाचे मूल्यमापन बेरेटा आणि डेव्हिस यांनी केले आणि ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगातली मुले कोड्यांच्या चाचणीत पुढे, तर नेहमीच्या पद्धतीची मुले वाक्यरचनेच्या चाचणीत पुढे. ज्याच्या अंगणात खेळ, त्याची सरशी. शिवाय मुले चिठ्ठ्या टाकून विभागलेली नव्हती, आयते वर्गच्या वर्ग घेऊन तुलना केलेली होती. प्रयोगशाळेत वावरणाऱ्या माणसाला यातून ‘सिद्ध झाले’ असे म्हणवत नाही. पद्धत चांगली की शिकवणारे चांगले, हे अशा तुलनेतून वेगळे काढता येत नाही.

त्याच १९८७ सालचा पिका, यंग आणि डॉटी यांचा प्रयोग छोटा असला तरी अधिक नेटका आहे. सोळा जण, समोर एक चित्र आणि इंग्रजीत सूचना: अमुक वस्तू अमुक जागी ठेवा. काहींना आधीच सोप्या करून, पुनरुक्ती घालून सूचना ऐकवल्या, पण मध्ये विचारायची मुभा नाही. बाकीच्यांना साध्याच सूचना, पण ‘पुन्हा सांगा’, ‘कुठे म्हणालात?’ असे विचारण्याची मुभा. विचारणाऱ्यांना अधिक समजले. अर्थात विचारण्यामुळे तीच गोष्ट अधिक वेळा कानावर पडते, तेव्हा श्रेय प्रश्नाचे की पुनरुक्तीचे, अशी शंका राहतेच. वर्गात काम करणाऱ्या शिक्षकाला मात्र दोन्ही एकाच दामात मिळतात.

प्रभूंशी आमचे खरे भांडण गटचर्चेवरून आहे. मुलांचे गट त्यांनी मुद्दाम टाळले. मुले एकमेकांचे मोडके इंग्रजी ऐकतील आणि तेच पक्के होईल, अशी त्यांना भीती होती. बोलण्यापुरती ती रास्त आहे. पण साठ मुलांच्या वर्गात शिक्षकांशी बोलायला प्रत्येकाच्या वाट्याला किती सेकंद येणार? शिक्षकांना ‘कळले नाही’ म्हणायला जे मूल कचरते, ते शेजारच्याला सहज विचारते. तो शेजारी मराठीत उत्तर देईल, हेही खरे. देऊ दे. चर्चा मराठीत आणि जिच्याविषयी चर्चा ती सूचना इंग्रजीत, एवढे सांभाळले तरी कान इंग्रजीकडेच राहतो. मात्र चर्चेत एक चोरवाट असते. हुशार मूल संदर्भावरून अर्थ ताडते, आवाज त्याने पकडलेलाच नसतो. म्हणून चर्चा झाल्यावर तेच वाक्य, त्याच वेगाने, पुन्हा ऐकवायला हवे.

पुढच्या वेळी त्याच वर्गात आम्ही तसे करून पाहिले. तीन बशा, तिन्हींत सारखे पाणी. इंग्रजीत सांगितले की पहिली पंधरा मिनिटे उन्हात ठेवायची, दुसरी पन्नास मिनिटे, तिसरी झाकून. कोणत्या बशीत पाणी सर्वांत कमी उरेल ते शेजाऱ्याशी बोलून ठरवा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांवरून वर्गात चांगलाच कलकलाट झाला. एक मुलगी ठासून सांगत होती की दोन्हीं बशांना सारखाच वेळ आहे, मग पाणीही सारखेच उरणार. तिचा तर्क बिनचूक होता, कान चुकला होता. शेजारणीने तिला ‘सरांनाच विचार’ म्हणून ढोसले. ती उठली आणि म्हणाली, ‘सर, वन मोर टाइम. स्लो नको, तसंच बोला.’