ऐकलेले पुस्तक आणि समीक्षेचे कान

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षे भेटेल त्या वाचकाला विचारत आलो आहे. त्याची उत्तरे वहीत टिपून ठेवायची सवयही जुनीच. गेल्या काही वर्षांत या वहीत एक नवे क्रियापद शिरले आहे. ‘मृत्युंजय’ पुन्हा ऐकले, अमुक कादंबरी निम्मी ऐकून झाली, असे लोक सांगतात. सांगताना आवाज मात्र जरा खाली येतो, परीक्षेत कॉपी केल्याची कबुली द्यावी तसा. गंमत म्हणजे हे सांगणारे वाचन सोडलेले लोक नव्हेत. जे सर्वांत जास्त वाचतात तेच सर्वांत जास्त ऐकतात, असे माझ्या वहीपुरते तरी दिसते.

स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी 2017च्या अखेरीस भारतात आली तेव्हा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही घेऊन आली. त्यानंतर ऐकण्याची पुस्तके आपल्याकडे चांगलीच रुळली. पण आपली समीक्षा अजून छापील पानावरच बसून आहे. पुस्तक कोणी वाचून दाखवले, कसे दाखवले, याची चर्चा परीक्षणांत क्वचितच दिसते.

हा विषय निघाला की कोणीतरी लगेच ‘आपली परंपराच श्रवणाची’ असे म्हणून मोकळे होतो. ज्ञानेश्वरीत समोर श्रोते आहेत, दासबोधातल्या नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे, चातुर्मासात श्रीधराचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ घरोघरी लागत. हे सारे खरे असले तरी निम्मेच खरे. ती ओवी कानासाठीच घडवलेली होती. ऐकणारे दहा जण एकत्र बसत, आणि पुराणिकबुवा मध्ये थांबून अर्थ सांगत. आज माणूस लोकलमध्ये कानात बोंडे घालून एकटाच ऐकतो. शिवाय कादंबरी हा प्रकार आपल्याकडे छापखान्याबरोबर वाढला, म्हणजे मुख्यतः डोळ्यांसाठी लिहिला गेला. म्हणून परंपरेचा दाखला बाजूला ठेवून एकेका पुस्तकाकडे पाहावे लागते.

‘मृत्युंजय’ (1967) कानाला का मानवते हे कळायला वेळ लागत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशी सहा पात्रे तिथे स्वतःच बोलतात. सावंतांची लांब, आलंकारिक वाक्ये पानावर कधीकधी जड होतात, आवाजात ती उभी राहतात. छापील पुस्तकातला दोष इथे गुण ठरतो.

‘कोसला’चे (1963) तसे नाही. वरवर पाहता ही तर बोलण्याचीच कादंबरी. पांडुरंग सांगवीकर आपल्याशी गप्पा मारत बसला आहे असेच वाटते. म्हणून मी एकदा तिची काही पाने मोठ्याने वाचून पाहिली आणि ‘वगैरे’पाशी अडखळलो. पांडुरंगाचा ‘वगैरे’ कधी थट्टा असतो, कधी कंटाळा, कधी रडू लपवण्याची युक्ती. पानावर तो तिन्ही असू शकतो आणि नेमाडे काही सांगत नाहीत. आवाजाला मात्र एक सूर निवडावाच लागतो. मनीच्या मृत्यूच्या भागात तर मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा पुस्तक वेगळे झाले. वाचून दाखवणारा प्रत्येक शब्दागणिक अर्थाचा निवाडा करत असतो. त्याचे काम समीक्षकाचेच आहे, फक्त कारणे द्यायची सोय त्याला नाही.

उलट बाजूने, जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’तली (1972) ‘विदूषक’ घ्या. तिथे वाचक मागे जातो, दोन पाने उलटतो, एखाद्या प्रतिमेपाशी बोट ठेवून बसतो. ऐकताना बोट ठेवायला जागाच नसते. तीस सेकंद मागे जाण्याचे बटण असते, पण परत वाचणे आणि परत ऐकणे एक नव्हे. जी.एं.ची कथा ऐकू नये असे माझे म्हणणे नाही. आधी वाचलेली असेल तर जरूर ऐकावी.

या बाबतीत आपली समीक्षा पूर्वीही एकदा चुकली आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनातून गावोगावची मैदाने भरवली. ‘धिंड’ किंवा ‘भुताचा जन्म’ किती जणांनी वाचली आणि किती जणांनी फक्त ऐकली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ‘कथाकथनी कथा’ हा शब्द मात्र शेरा म्हणून वापरला गेला. सभेत टाळी घेणारा शेवट लेखणीला वळण लावतो, ही शंका रास्त होती. पण ती तपासायची तर सांगितलेली कथा आणि छापलेली कथा शेजारी ठेवायला हव्या होत्या. ते कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. आता कंपन्या थेट ऐकण्यासाठीच मालिका लिहून घेत आहेत, आणि दर भागाच्या शेवटी उत्सुकता टांगून ठेवण्याची सक्ती त्या लेखनात स्पष्ट ऐकू येते. त्याकडेही नाक मुरडूनच पाहिले तर पुन्हा तेच होईल.

(वेग वाढवून ऐकणाऱ्यांबद्दल काय बोलावे! दीडपट वेगाने ‘गीतरामायण’ लावून पाहावे, म्हणजे कळेल.)

माझे स्वतःचे मत बदलले ते ‘धग’मुळे (1960). उद्धव शेळक्यांची ही कादंबरी मी तरुणपणी वाचली तेव्हा तिच्यातली वऱ्हाडी मला अडली होती. शब्द कळले, सूर कळला नव्हता. गेल्या वर्षी शेजारच्या आजींची दृष्टी गेली. त्या मूळच्या अचलपूरकडच्या. त्यांना मी संध्याकाळी ‘धग’ वाचून दाखवू लागलो. माझी वऱ्हाडी ऐकून त्या पहिल्या दिवशी पोट धरून हसल्या. मग दर चार वाक्यांनी थांबवून ‘अस्सं नाही, बापा’ म्हणत कौतिकचे बोलणे मला म्हणून दाखवू लागल्या. ज्या वाक्यांना मी तक्रार समजत होतो त्यांतली कितीतरी त्यांच्या तोंडून टोमणे निघाली, आणि जिथे मला टोमणा दिसला होता तिथे निव्वळ थकवा होता. नवरा महादेव याच्याशी बोलतानाची कौतिक मी तीस वर्षे चुकीची वाचत होतो. प्रतीच्या समासात आता त्यांच्या सुरांच्या खुणा केल्या आहेत. अजून निम्मे पुस्तक बाकी आहे.