धुणेघरातली बोलणी

एमिल झोला यांची 'लासोमवार' (१८७७) वाचलेल्याला पहिल्या प्रकरणातले भांडण हमखास आठवते. पॅरिसच्या सार्वजनिक धुणेघरात जेर्व्हेझ आणि व्हिर्जिनी एकमेकींवर बादल्या रिकाम्या करतात, मग धोपाटण्यांवर येतात. आम्हाला मात्र त्याआधीची पाने अधिक मोलाची वाटतात. कपडे चोळता चोळता जेर्व्हेझ शेजारच्या मादाम बोशला आपली सारी हकीकत सांगते: गाव, आईबाप, दहाव्या वर्षीच पाण्यात गेलेले हात, चौदाव्या वर्षी झालेले मूल आणि लांतिये. त्या वाफेत, त्या गलक्यात ती जे बोलते, ते घरच्या खोलीत ती कोणाजवळ बोलणार होती?

सुधारकांना नेमके हे बोलणेच खुपले. ३ फेब्रुवारी १८५१ च्या कायद्याने फ्रान्सने न्हाणीघरे व धुणेघरे यांसाठी ६ लाख फ्रँक मंजूर केले. हेतू स्वच्छतेचा, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पुढे पॅरिसच्या तांपल भागातील नमुनेदार धुणेघरात बायांच्या मध्ये आडभिंती आल्या. बायांनी ती व्यवस्था नाकारल्याचे इतिहासकार मिशेल पेरो यांनी नोंदवले आहे. गप्पा म्हणजे वाया गेलेला वेळ, हे साहेबी गणित! काम कुठे आहे, कोणाचा नवरा हात उगारतो, हे कळायला त्या बायांकडे दुसरे वर्तमानपत्र नव्हते.

लिव्हरपूलमध्ये आधी शेजार होता, इमारत नंतर आली. १८३२ च्या पटकीच्या साथीत किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईने आपल्या घरचा पाणी तापवण्याचा हंडा शेजारणींना खुला केला. १८४२ साली फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुणेघर उभे राहिले.

या जागांचे गोडवे गाणाऱ्यांशी आमचे पूर्ण जमत नाही. ती मोकळीक पैसे मोजून आणि कंबर मोडून मिळालेली होती. झोला हे विसरत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. उणीव दुसरीकडे आहे. लांतिये पळाल्याची खबर मुले किल्लीसकट धुणेघरातच आणतात, म्हणजे जेर्व्हेझचा संसार सर्वांदेखत चव्हाट्यावर येतो. पण भोवतीच्या बायकांना झोला बहुतेक तमाशगीरच करतात. दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यांवर कपडे आपटताना त्या काय बोलल्या असतील, ते कादंबरीत नाही.