‘डक’चं कौतुक करावं तरी कसं?

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आज एका यंत्राविषयी बोलायचं आहे, पण त्याहून जास्त त्याच्या रसिकांविषयी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जनरल मोटर्सने एक ट्रक बनवला. रस्त्यावर धावायचा आणि पाण्यात उतरला की होडीसारखा चालायचा. कागदोपत्री नाव डी-यू-के-डब्ल्यू. ही नुसती कंपनीची सांकेतिक अक्षरं. डी म्हणजे १९४२ सालचं मॉडेल, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद, डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही आस चालते. पण सैनिकांनी अक्षरं जोडून वाचली आणि ट्रकचं झालं ‘डक’, म्हणजे बदक! अशा एकवीस हजारांहून अधिक गाड्या बनल्या.

आज अमेरिकेत आणि युरोपात हौशी मंडळी या गाड्या जपतात. हिरवा रंग, पांढरा तारा, अचूक नंबर. जून महिन्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जुन्या लष्करी वाहनांचा मेळा भरतो, तिथे डक असतेच. या मंडळींना नावं ठेवायला मी आलेलो नाही. त्यांनी जपल्या म्हणून आज त्या बघायला तरी मिळतात. माझा प्रश्न वेगळा आहे. ते नेमकं कशाचं कौतुक करतात?

त्यांची आवडती गोष्ट ऐका. सुरुवातीला लष्कराला ही गाडी नकोच होती. मग १९४२च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वादळात तटरक्षक दलाची एक बोट वाळूत रुतली. तिथे चाचणीसाठी आलेल्या डकने त्या उसळत्या पाण्यात जाऊन सात जणांना बाहेर काढलं आणि लष्कराचं मत फिरलं. गोष्ट खरी आहे आणि सुरेखही आहे. पण अशा गोष्टी सांगता सांगता गाडीला सगळं जमतं असं वाटायला लागतं.

तसं ते नाही. डकचा वेग रस्त्यावर ताशी सुमारे ८० किलोमीटर, पाण्यात जेमतेम १०. आपल्याकडचा माणूस म्हणेल, एक ना धड, भाराभर चिंध्या! (हशा) तरीही हे यंत्र थोर आहे. थोर कशामुळे, तर त्यातल्या तडजोडीमुळे. वाळूवर चढताना ड्रायव्हरने बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी करायची, पक्क्या रस्त्यावर पुन्हा भरायची. पण बघा, चाकांना ताकद पोचवायची तर शाफ्ट तळातून बाहेर काढावे लागतात. म्हणजे या होडीच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत. ती बंद ठेवायची रबरी आवरणांनी, आणि आत आलेलं पाणी उपसायचं पंपांनी. डक तरंगते ती रोजच्या देखभालीवर. यातच तिचं सौंदर्य आहे आणि यातच धोका.

ओमाहाच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी तेच दिसलं. तोफ, दारूगोळा, माणसं, वाळूच्या गोण्या असं सगळं भरलेल्या बऱ्याच डक खवळलेल्या समुद्रात बुडाल्या. सांगितलेल्या वजनापलीकडे गेलं की बदक बुडतं, मग वर बसलेले कितीही शूर असोत.

युद्ध संपलं आणि डक पर्यटकांना फिरवू लागल्या. १ मे १९९९. आर्कान्सामधल्या हॅमिल्टन सरोवरात ‘मिस मॅजेस्टिक’ नावाची डक बुडाली. २१ पैकी १३ जण गेले. तपासात निघालं काय? शाफ्टभोवतीचं रबरी आवरण नीट बसवलेलं नव्हतं. आणि उन्हापावसासाठी वर घातलेल्या छतात माणसं अडकली. छतं काढा, पाणी भरलं तरी बुडणार नाही अशी सोय करा, अशा शिफारशी झाल्या. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, जुलै २०१८मध्ये, मिसुरीतल्या टेबल रॉक सरोवरात वादळाने आणखी एक डक बुडवली. ३१ पैकी १७ मृत्यू. तिलाही छत होतंच.

हे अपघात हौशी लोकांनी केले नाहीत, ते धंद्याच्या गाड्यांचे. पण यंत्राचं भोवतालचं बोलणं सगळ्यांचंच असतं. वादळातून सात जण वाचवल्याची गोष्ट शंभरदा सांगायची आणि त्या रबरी आवरणाचं नाव एकदाही काढायचं नाही, याला मी रसिकता म्हणणार नाही. गाण्याच्या मैफलीत नुसता टाळ्या वाजवणारा रसिक नव्हे. सूर कुठे निसटला हे ज्याला कळतं, तो रसिक.

जुन्या वाहनांच्या चांगल्या मेळ्यात एखादा मेकॅनिक पाण्यात उतरण्याआधी गाडीखाली झोपून एकेक आवरण हाताने चाचपून बघतो. फोटो मात्र कोणी काढत नाही त्याचा. माझ्या मते तिथलं सर्वांत खरं कौतुक तेच असतं. पुढच्या वेळी डक दिसली, तर तारा बघा, रंग बघा, आणि मग जरा वाकून तळही बघा.