अर्थशास्त्रीय संशोधनाच्या गुणवत्तेचे मापन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
अर्थशास्त्रीय संशोधनाची गुणवत्ता कशी मोजावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. तथापि, शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चिल्या गेलेल्या यवतमाळ जिल्ह्यात तो अधिक गंभीर ठरतो. येथे चुकीच्या निष्कर्षावर आधारलेल्या धोरणाची किंमत कर्जबाजारी कुटुंबांना मोजावी लागते.

प्रचलित मापदंड :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक (एपीआय) लागू केला. २०१८ च्या विनियमांनुसार सामाजिक शास्त्रांतील समीक्षित लेखास १० गुण ठरले. गुण लेखसंख्येशी जोडले गेल्याने केवळ गुणांसाठी लेखन करण्याच्या प्रवृत्तीस वाव मिळाला. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतरची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले.

विवेचन :
इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांनी २००६ मध्ये राज्य शासनास सादर केलेला अहवाल या दृष्टीने उद्बोधक आहे. वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील १११ आत्महत्याग्रस्त कुटुंबांची तुलना त्यात १०६ अन्य शेतकरी कुटुंबांशी केली आहे. केवळ आत्महत्याग्रस्त कुटुंबेच अभ्यासली असती, तर कर्ज आढळले असते. परंतु कर्ज शेजारच्या शेतकऱ्यावरही असते. जोखीम कोठे वाढते, हे तुलनेवाचून कळत नाही. अभ्यासाची खरी गुणवत्ता या रचनेत आहे. प्रभाव घटक हा नियतकालिकाची सरासरी दाखवतो, तर हर्श यांचा २००५ मधील एच-निर्देशांक अवतरणे मोजतो. अभ्यासाच्या रचनेविषयी दोन्ही मौन बाळगतात. आंतरराष्ट्रीय सूचींत मराठी नियतकालिके अभावानेच आढळत असल्याने मराठी संशोधन तर या मोजणीत जवळजवळ येतच नाही.

अर्थात, मापदंडांना दोष दिल्याने स्थानिक संशोधक दोषमुक्त होत नाही. सोयीने निवडलेले शंभर उत्तरदाते, टक्केवारीचे तक्ते आणि आधीच ठरलेला निष्कर्ष हेही संशोधन नव्हे.

निष्कर्ष :
‘केअर’ यादी बंद झाल्याने परीक्षणाची जबाबदारी आता संस्थांवर आली आहे. नमुना कसा निवडला, तुलना कोणाशी केली आणि मूळ माहिती इतरांस पडताळता येते काय, हे तीन प्रश्न परीक्षकाने प्रथम विचारावेत. गुणांकन त्यानंतर यावे. अन्यथा लेख वाढतील, परंतु जिल्ह्याविषयीचे ज्ञान वाढणार नाही.