मुक्त ग्रंथ, बेवारस मजकूर

मराठीचे अभिजात वाङ्मय घरबसल्या आणि एक पैसाही न देता वाचावयास मिळावे, ही सोय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतक्या मुकाट्याने आपल्या पदरात पडली की, तिचा हिशेब मांडण्याची तसदी आपल्या समीक्षेने फारशी घेतलीच नाही. ज्या संदर्भग्रंथांसाठी एके काळी मुंबई-पुण्याच्या ग्रंथसंग्रहालयांत ताटकळावे लागे, ते आज गडचिरोलीतील विद्यार्थ्याच्या आणि परदेशस्थ मराठी माणसाच्या हाती सारख्याच सुलभतेने येतात. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा २३ खंडांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने महाजालावर आणला. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने शोधसुलभ करून ठेवले. वाईचा विश्वकोश आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळशी प्रकाशने शासनानेच खुली केली. या कामगिरीबद्दल कृतज्ञ असावे तेवढे थोडेच. परंतु कोशवाङ्मयाचे भाग्य उजळले ते प्रत्येक कोशामागे एखादी संस्था जामीन उभी राहिली म्हणून, आणि कथा, कादंबरी, नाटक, कविता यांना असा जामीन अद्याप लाभलेला नाही, हेही त्याच वेळी नोंदले पाहिजे.

या विषमतेचे मूळ काही अंशी कायद्यात आहे. १९५७ च्या अधिनियमाने ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षे स्वामित्वहक्क राखून ठेवला होता; रवींद्रनाथांच्या वाङ्मयाची मुदत १९९१ अखेर संपणार असे दिसताच सरकारने वटहुकूम काढून ती ६० वर्षांवर नेली. त्या हिशेबाने साने गुरुजी २०११ च्या आणि मर्ढेकर २०१७ च्या आरंभी सर्वांचे झाले. खांडेकरांसाठी २०३७ पर्यंत थांबावे लागेल. येथवर न्याय सरळ आहे. मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी त्याला नंतर जोडलेल्या प्रस्तावनेचा आणि टिपांचा हक्क मात्र स्वतंत्रपणे चालू राहतो, आणि खरी मेख येथे आहे. ताराबाई शिंदे यांची १८८२ मधील ‘स्त्रीपुरुषतुलना’ विस्मृतीतून उजेडात आली ती स. गं. मालशे यांनी १९७५ साली काढलेल्या आवृत्तीमुळे; पण ताराबाईंचा मजकूर आज कोणीही बिनदिक्कत छापावा, मालशे यांचे विवेचन छापता येत नाही. अर्थात विनामूल्य वाचणाऱ्याच्या वाट्याला ग्रंथ येतो, ग्रंथाभोवतीचे ज्ञान येत नाही, आणि ज्याला मार्गदर्शनाची गरज सर्वाधिक तोच बहुधा विनामूल्य वाचणारा असतो.

सरकारी आश्रयाने झालेल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाची कथा याहून उद्बोधक आहे. हजारो मराठी पुस्तकांची छायाचित्रे त्यात घेतली गेली, आणि त्याबद्दल त्या योजनेचे ऋण कोणी नाकारू नये. पण ग्रंथनामे रोमन लिपीत, तीही ज्याला जशी सुचली तशी लिहिलेली, पाने कोठे गहाळ तर कोठे तिरकी, क्वचित पान धरणाऱ्याचे बोटही मजकुरावर कायमचे उमटलेले, असे ते दफ्तर होते. पुढे मूळ संकेतस्थळच बंद पडले आणि तो सारा ठेवा ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या परकीय संस्थेने आपल्याकडे उतरवून घेतला म्हणून वाचला. ग्रंथ तेथे आहे, पण तो कोणत्या नावाखाली आहे हे शोधून काढणे हीच एक स्वतंत्र विद्या होऊन बसली आहे.

बरे, ग्रंथ सापडला तरी तो चित्ररूपाने सापडतो. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारे यंत्र आता देवनागरी बऱ्यापैकी वाचते. तथापि जुन्या शिळाछापाच्या किंवा झिजलेल्या खिळ्यांच्या पानापुढे ते अजून अडखळते, आणि जोडाक्षरांची जी मोडतोड करते ती पाहवत नाही. त्यात शुद्धलेखनाची अडचण निराळी. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द झाले, जुन्या छपाईत मात्र ते पानोपानी आहेत. म्हणून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ आजच्या पद्धतीने, अनुस्वाराविना शोधू जाल तर यंत्र खुशाल रिकाम्या हाताने परत येण्याचा संभव असतो. संगणकापुरता हा एक बिंदू किरकोळ नाही.

सर्वांत शोचनीय अवस्था मात्र सर्वांत लोकप्रिय ग्रंथांची आहे. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा शेकडो ठिकाणी विनामूल्य मिळतात. त्या कोणत्या प्रतीवरून घेतल्या याचा दाखला बहुतेक ठिकाणी नसतो, आणि एकाची मुद्रणचूक दुसरा श्रद्धेने उतरवून घेतो. ज्या भाषेत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, जिच्यात राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून निराळीच प्रत पुढे आणून विद्वानांत वाद पेटवला, आणि जिच्यात १८६९ पासून निघालेल्या गाथेच्या आवृत्तीसाठी विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव आणि पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहिल्या, त्या भाषेने पाठाची खातरजमा न करता ग्रंथ वाटावेत, ही प्रगती म्हणावयास मी तयार नाही.

अपवाद मराठी विकिस्रोताचा. तेथे मूळ पानाचे छायाचित्र आणि टंकलिखित मजकूर शेजारी शेजारी राहतात. एकाने मुद्रितशोधन केलेले पान दुसऱ्याने प्रमाणित करावे असा शिरस्ता आहे, आणि शंका आल्यास वाचकाला मूळ पान तिथल्या तिथे पाहता येते. ही पद्धत उत्तम. राबणारे हात थोडे. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी दरसाल एकेका वर्गाकडे एकेक ग्रंथ सोपवावा आणि त्या श्रमाला परीक्षेत गुण द्यावेत, अशी माझी सूचना आहे. ठरावीक लघुप्रबंधांहून विद्यार्थी त्यातून अधिक शिकतील. आरंभ केशवसुतांपासून व्हावा. १९०५ मध्ये ते वारले. त्यांचा संग्रह हरिभाऊंनी १९१७ साली काढला, म्हणजे कवीच्या नजरेखालून गेलेले पुस्तक मुळात अस्तित्वातच नाही. जळगावच्या ‘काव्यरत्नावली’सारख्या मासिकांत छापलेला पाठ आणि या संग्रहातील पाठ ओळीला ओळ लावून तपासणे, आणि जेथे फरक पडतो तेथे दोन्ही पाठ वाचकासमोर ठेवणे, एवढे काम एका वर्गाला एका वर्षात सहज उरकता येईल.