झीज आणि कालबाह्यता : रोलप्लेइंग खेळांच्या नियमसंहिता आणि ‘गोतावळा’

वस्तूचा अंत दोन प्रकारांनी होतो. ती वापरून झिजते, किंवा ती धडधाकट असतानाच तिची गरज सरते. रोलप्लेइंग, म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांची नियमसंहिता हा कथनाचाच एक प्रकार मानल्यास, यांपैकी कोणता अंत तिला मांडता येतो, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत येतो.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) तलवार शेकडो वार करूनही बोथट होत नाही. लोखंडाला गंज चढावा म्हणून तेथे एक स्वतंत्र प्राणी योजावा लागला. झीज ही कालाची क्रिया न राहता अपघात ठरली. मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) अंतराळयान दरवर्षी दोन आठवडे देखभालीसाठी थांबते आणि किमतीच्या एक हजारांश खर्च मागते. त्याच प्रकाशनसंस्थेच्या ‘ट्वायलाइट : २०००’मध्ये (१९८४) अणुयुद्धानंतर पोलंडमध्ये अडकलेल्या सैनिकांच्या प्रत्येक वाहनाला झिजेचा १ ते १० असा आकडा असतो. नवे काही मिळण्याची आशा नसल्याने या आकड्यातूनच कथा जन्मते : गाडी कोठे बंद पडेल, सुटा भाग कोणाकडून मिळवावा.

कालबाह्यतेचे तसे होत नाही. ‘ट्रॅव्हलर’मधील तंत्रज्ञानाची पातळी ग्रहाची असते, व्यक्तीची नव्हे. पात्र एका पातळीवरून दुसरीवर प्रवास करते. काल तेथे भूगोलासारखा पसरलेला आहे. ‘गर्प्स’ने (१९८६) तांत्रिक कौशल्ये विशिष्ट पातळीशी बांधून कालबाह्यता माणसापर्यंत आणली खरी, परंतु तेथेही अनोळखी यंत्र हाताळताना दंड बसतो, एवढेच.

मराठीत झिजेचा नियम फार जुना आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त (१९१५) वर्णिलेल्या व्यवस्थेत सुतार-लोहार औते दुरुस्त करीत ते दर खेपेच्या दामासाठी नव्हे, तर सुगीच्या बलुत्यासाठी. औत झिजणारच, हे त्या करारात गृहीत होते. (या कराराची किंमत जातीच्या रूपाने कोण मोजत होते, हे विसरून त्याचे गोडवे गाणे योग्य नव्हे, स्वतः आत्रेही ते गात नाहीत.)

आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’त (१९७१) मात्र मोडते ते वेगळेच. ट्रॅक्टर येतो आणि मळ्यातली जनावरे नकोशी होतात. नारबा हा गडी आपल्या बोलीत जे सांगतो, ते यंत्राचे गुणदोष नव्हेत. बैलांच्या सहवासात त्याने कमावलेले शहाणपण एकाएकी बिनकामाचे झाले आहे, आणि त्याबरोबर त्याचे एकमेव गणगोतही जाऊ लागले आहे. ‘गर्प्स’च्या रीतीने नारबाची पात्रपत्रिका तयार केली, तर ट्रॅक्टर आला त्या दिवशीही तिच्यावरील जनावरे राखण्याच्या कौशल्याचा आकडा तसूभरही उतरणार नाही. नियम आकडा देतो तो वस्तूला किंवा क्षमतेला. कालबाह्यता घडते ती मालक, गडी आणि जनावर यांच्या मधल्या जागेत.

या विभागणीला छेद देणारे उदाहरण दिल्लीतील मुनिरका येथे आढळते. राजधानीच्या विस्तारात या गावाची शेतजमीन संपादित झाली आणि गाव घरभाड्यावर जगू लागले. येथला नांगर झिजून गेला नाही, त्याहून सरस अवजारानेही त्याला हटवले नाही. त्याच्याखालची जमीनच गेली. तंत्रज्ञानाच्या पातळ्यांची कोणतीही श्रेणी येथे उपयोगी पडत नाही.

नात्यालाच आकडा देण्याचा प्रयत्न पुढे झाला आहे. ‘अ‍ॅपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) एक पात्र दुसऱ्याला किती ओळखते, हे अंकात नोंदवले जाते आणि खेळाच्या ओघात तो अंक बदलतो. मात्र ही नोंद खेळाडूंच्या पात्रांपुरती आहे. नारबाच्या बैलांसाठी तिच्यात रकाना नाही.